शिक्षकाची कैफियत

शिक्षकाने आपल्याच वर्गाविषयी, आपल्याच हातून घडलेल्या अध्यापनाविषयी प्रथमपुरुषी लिहिलेली हकीकत ज्ञान म्हणून स्वीकारावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापक विद्यालयांच्या आवारापुरता मर्यादित वाटतो. पण थोडे खोल गेले की तो प्रमाणशास्त्राचा प्रश्न होतो, आणि आणखी खोल गेले की धर्माचा. १९७५ साली लॉरेन्स स्टेनहाउस या अभ्यासकाने इंग्लंडमध्ये, शिक्षक हाच संशोधक असला पाहिजे, असे आग्रहाने मांडले. १९९० साली कॉनेली आणि क्लँडिनिन यांनी कॅनडात, अनुभवाची कथा ही संशोधनाची पद्धती होऊ शकते, असे प्रतिपादन केले. आणि आपल्याकडेही ‘कृतिसंशोधन’ हा शब्द आता इतका रुळला आहे की अध्यापनाची पदविका घेतलेल्या बहुतेक शिक्षकांच्या कपाटात त्या नावाचा एखादा बांधीव अहवाल सापडतोच. तथापि या सर्व खटाटोपावर घेतला जाणारा एक आक्षेप जिथल्या तिथे उभा आहे. जो कर्ता, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश, अशा खटल्याचा फैसला कोणी मान्य का करावा?

हा आक्षेप हलक्या हाताने बाजूला सारण्यासारखा नाही, कारण आपल्या परंपरेत तो फार जुना आहे आणि थोर माणसांनी घेतलेला आहे. बृहदारण्यकोपनिषदात, गृहस्थाश्रम सोडून निघालेला याज्ञवल्क्य मैत्रेयीला ज्या कड्यापाशी आणून उभी करतो तो कडा हाच आहे: ज्याच्या योगाने सर्व काही जाणले जाते, त्या जाणणाऱ्याला जाणण्यास साधन कोणते? पुढे ज्ञान स्वतःला जाणते की नाही, यावर आपल्या दर्शनांत शतकानुशतके वाद झाले आणि त्या वादांत एक दृष्टान्त वारंवार पुढे आला की, कसरतीत कितीही तरबेज झालेला नट असो, त्याला आपल्याच खांद्यावर चढून उभे राहता येत नाही. वर्गात शिकवणारा ‘मी’ आणि त्या शिकवण्याची तपासणी करणारा ‘मी’ हे जर एकच असतील, तर शिक्षकाचे आत्मसंशोधन हा त्या नटाचाच उद्योग ठरतो.

नैयायिकांनी या पेचातून काढलेली वाट मला शिक्षकाच्या दृष्टीने विशेष उपयोगाची वाटते. ‘हा घट आहे’ हे ज्ञान उत्पन्न होते त्या क्षणी ते स्वतःकडे पाहत नाही, त्याचे तोंड घटाकडे असते. त्याच्या पाठोपाठ ‘मी घट जाणत आहे’ असे दुसरे ज्ञान उत्पन्न होते आणि ते पहिल्याला आपला विषय करते. या मागाहून येणाऱ्या ज्ञानाला त्यांनी अनुव्यवसाय असे नाव दिले. फळ्यापाशी उभा राहून अपूर्णांकांची बेरीज समजावून देणाऱ्या शिक्षकाचे चित्त त्या वेळी अपूर्णांकांत, तिसऱ्या बाकावरच्या चुळबुळीत आणि घंटा व्हायला उरलेल्या वेळात वाटले गेलेले असते. आपण छेद समान करण्याची युक्ती सांगितली, पण ती का करायची हे सांगितलेच नाही, आणि ज्या मुलीने तेच विचारण्यासाठी अर्धवट हात वर केला होता तिच्याकडे पाहूनही पाहिले नाही, हे त्याला संध्याकाळी टाचणवही उघडल्यावर उमगते. हे उमगणे वर्गातल्या त्या क्षणाचाच भाग नव्हे. ते काळाने मागाहून आलेले, निराळे ज्ञान आहे. तेव्हा नटाला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नसले, तरी सकाळच्या शिक्षकाकडे संध्याकाळच्या शिक्षकाला पाहता येते.

परंतु एवढ्याने आत्मसंशोधन शक्य आहे इतकेच सिद्ध होते. ते यथार्थ आहे, हे सिद्ध होत नाही. संध्याकाळी जो पाहतो त्याचे डोळे रागद्वेषांपासून मुक्त असतात असे थोडेच आहे? दिवसभराच्या श्रमाचे काही तरी चीज झाले असे वाटण्याची त्याला गरज असते, वरिष्ठांकडे जायच्या अहवालाची चिंता असते, आणि आपण एक चांगले शिक्षक आहोत ही जी प्रतिमा त्याने वर्षानुवर्षे जपलेली असते, ती आपल्या रक्षणासाठी कोणत्याही स्मृतीत हवा तो फेरफार करण्यास समर्थ असते. म्हणून प्रमाणशास्त्राला येथे आणखी एक पाऊल टाकावे लागते, आणि ते न्यायसूत्रांच्या भाष्यात वात्स्यायनाने टाकून ठेवले आहे. शब्द हे प्रमाण केव्हा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त कोण, तर ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात पाहिली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगावी या इच्छेने जो बोलण्यास प्रवृत्त झाला आहे, तो. या लक्षणात कुल, वर्ण, पदवी यांचा मागमूस नाही. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही ते सारखेच लागू आहे, असे भाष्यकाराने स्पष्टपणे सांगून ठेवले आहे, आणि या एका खुलाशासाठी मला त्याच्याविषयी नितांत आदर वाटतो. दुर्गम पाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेतील गुरुजींचा शब्द विद्यापीठीय प्राध्यापकाच्या शब्दाइतकाच प्रमाण होऊ शकतो, कारण पहिली अट, साक्षात दर्शनाची, गुरुजींइतकी कोणालाच पुरी करता येत नाही. अडचण आहे ती दुसऱ्या अटीची. जसे पाहिले तसेच सांगण्याची इच्छा माणसाच्या ठिकाणी कोठून येते, आणि स्वतःविषयी बोलताना ती टिकते कशी? येथे प्रमाणशास्त्राची हद्द संपते आणि धर्माची सुरू होते.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते ते टॉल्स्टॉयचे उदाहरण. रशियातील यास्नाया पोल्याना या आपल्या वडिलोपार्जित गावी १८५९ साली त्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८६२ साली त्याच गावाच्या नावाचे एक मासिक काढून त्यात शाळेच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. तेव्हा भूदासांना मुक्त करणारा हुकूम निघून जेमतेम वर्ष लोटले होते. त्या हकीकतींत चोरीचा एक प्रसंग आहे. शाळेतील काही वस्तू नाहीशा झाल्या, चोर सापडला, आणि शिक्षा काय करावी हे मुलांवरच सोपवले गेले, तेव्हा मुलांनी ठरवले की त्याच्या अंगरख्यावर ‘चोर’ असे लिहिलेली चिठ्ठी शिवावी. चिठ्ठी शिवली गेली. काही दिवसांनी त्याच मुलाने पुन्हा चोरी केली आणि पुन्हा चिठ्ठी लागली. या खेपेस टॉल्स्टॉयची नजर त्या मुलाच्या चेहऱ्यावर गेली. तो चेहरा अधिक फिकट, अधिक दुःखी आणि अधिक निबर झालेला त्याला दिसला, तुरुंगातील कैद्यांचे चेहरे त्याला आठवले, आणि आपल्याला या पोराला छळण्याचा अधिकार नाही हे त्याला बुद्धीने नव्हे तर सर्वांगाने पटले. त्याने ती चिठ्ठी फाडून काढली आणि मुलाला वाटेल तिकडे जाण्यास सांगितले.

शिक्षेच्या परिणामांविषयी पुढील काळात पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले, पण हा एक परिच्छेद मला त्यांहून वजनदार वाटतो. टॉल्स्टॉय येथे आपल्या दयाळूपणाची ग्वाही देत बसत नाही. चिठ्ठीची कल्पना मुलांची होती, असे म्हणून तो सुटून जाऊ शकला असता; तसे तो करीत नाही. त्याला जे समजले ते त्याच्या अंतःकरणातून आपोआप उमललेले नाही, ते एका विवक्षित मुलाच्या विवक्षित चेहऱ्याने त्याच्यावर लादलेले आहे, आणि त्याच्या गद्यात तो चेहरा जसाच्या तसा शिल्लक आहे.

त्याच वर्षीचा त्याचा दुसरा एक लेख, लेखनकला कोणी कोणाकडून शिकावी, मुलांनी आपल्याकडून की आपण मुलांकडून, या प्रश्नावरचा, याहूनही विलक्षण आहे. चमच्याने भरवतो आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळ्यात खुपसतो, अशा अर्थाच्या एका रशियन म्हणीवर कथा लिहा, असे त्याने मुलांना सांगितले. मुले बिचकली, तेव्हा तो स्वतःच लिहू लागला. हळूहळू मुले त्याच्या खुर्चीभोवती जमली, त्याचे लिहिलेले खोडू लागली, आणि सेम्का व फेद्का ही दोन पोरे त्याला मजकूर सांगू लागली. सायंकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत हे चालले. कथेत शेजारचा एक माणूस घाईने बाहेर येतो, तेव्हा त्याच्या अंगावर बाईमाणसाचा लोकरी कोट असला पाहिजे, असे फेद्काने सांगितले. बाईचाच कोट का, असे विचारता ते तसेच शोभते, एवढेच तो म्हणाला. पुरुषाचा चालणार नाही का, तर नाही, बाईचाच बरा. टॉल्स्टॉय विचार करू लागला आणि त्याच्या ध्यानात आले की या एका तपशिलाने तो माणूस उभा राहिला: किडकिडा, अरुंद छातीचा, आणि घरात जे हाताला लागेल ते अंगावर टाकून बाहेर पडणारा. एव्हाना रशियाभर नाव झालेला हा लेखक, खेड्यातील एका पोराच्या ठिकाणी कलेची जाणीव आपल्याहून सरस आहे असे पाहून हर्षभरित झाला आणि भयभीतही झाला. जे पाहण्याचा कोणाला अधिकार नाही असे काही तरी आपण चोरून पाहिले, असे त्याला वाटले. आता ही हकीकत कोणाची? सांगणारा टॉल्स्टॉय आहे, लेखनाच्या अध्यापनाविषयी त्यातून निघणारा सिद्धान्त टॉल्स्टॉयचा आहे. परंतु पुरावा सगळा फेद्काचा आहे.

याच टॉल्स्टॉयने त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी आपल्या धार्मिक संकटाची कथा सांगताना या शाळेविषयी अगदी उलट जबानी दिली. काय शिकवावे हे ठाऊक नसताना आपण शिकवू पाहत होतो, आणि ते अज्ञान झाकण्यासाठी मुलांना हवे ते शिकू द्यावे अशी पळवाट आपण काढली होती, असा त्या जबानीचा आशय आहे. एकाच शिक्षकाच्या, एकाच कामाविषयीच्या या दोन साक्षी. त्यांतील ग्राह्य कोणती? सामान्यतः पश्चात्तापाची वाणी आपल्याला अधिक खरी वाटते, कारण स्वतःच्या विरुद्ध बोलणारा माणूस खोटे कशाला बोलेल, असा आपला समज असतो. मला तो समज मान्य नाही. स्वतःचे दोष सांगणारा माणूस त्या सांगण्यानेच मोठा होत असतो, आणि अहंकाराला स्तुतीवर जगता येते तसेच धिक्कारावरही उत्तम जगता येते. म्हणून मी वाक्याचा स्वर पाहत नाही, त्यात वस्ती कोणाची आहे ते पाहतो. उत्तरवयातील जबानीत एकट्या टॉल्स्टॉयच्या आत्म्याची वस्ती आहे. तेथे फेद्का नाही, सेम्का नाही, चिठ्ठी लागलेला तो मुलगा नाही. १८६२च्या हकीकतीत ती सर्व मुले आहेत, आणि लेखकाचे पुढे मतांतर झाले तरी त्यांचे तेथील असणे रद्द होत नाही. शिक्षकाच्या आत्मकथनाची यथार्थता त्यात अनात्म्याला, म्हणजे जे मी नव्हे त्याला, किती जागा मिळाली आहे यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष मी यावरून काढतो.

आत्मकथनाचा खरा उगम जेथे मानला जातो तेथेही हेच दिसते. संत ऑगस्टीन हा पेशाने शिक्षक होता. कार्थेजमध्ये, रोममध्ये आणि मिलानमध्ये त्याने वक्तृत्वशास्त्र शिकवले, रोममधील विद्यार्थी फी देण्याची वेळ आली की गटागटाने दुसऱ्या गुरूकडे निघून जात, याची तक्रार त्याने नोंदवून ठेवली आहे, आणि ३८६ साली शब्द विकण्याचा तो व्यवसायच त्याने सोडून दिला. आपल्या जीवनाची कथा त्याने वाचकाला सांगितली नाही, ईश्वराला सांगितली. ज्याच्यापासून काही लपवणे शक्य नाही अशा श्रोत्यासमोर तो बोलतो आहे. जसे पाहिले तसेच सांगण्याची इच्छा कोठून येते, या मघाच्या प्रश्नाचे हे धर्माने दिलेले उत्तर आहे. आपल्याकडे नवविधा भक्तीतील शेवटची पायरी आत्मनिवेदनाची. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपल्या संसारातील यातनांसह सगळा जीवनवृत्तान्त अभंगांतून विठ्ठलापुढे ठेवला, आणि समर्थांनी दासबोधात आत्मनिवेदनाचा विचार करताना प्रथम मी कोण याचाच शोध घ्यायला लावला, जेणेकरून अर्पण करायला निघालेला ‘मी’ शोधाअंती सापडूच नये. परंतु शिक्षकाला, तो कितीही श्रद्धावान असला तरी, या उत्तरावर विसंबता येणार नाही. ईश्वर सर्वज्ञ असला तरी तो हकीकतीची दुरुस्ती करायला येत नाही. वर्गातला मुलगा येऊ शकतो.

आणि ऑगस्टीनला हे उमगले होते, असे मानण्यास आधार आहे. ३८९च्या सुमारास त्याने गुरूविषयी एक संवाद लिहिला, ज्यात तो आणि त्याचा मुलगा अदेओदातुस असे दोघेच बोलतात. शब्दांनी एक माणूस दुसऱ्याला काही शिकवू शकत नाही, सत्य ज्याचे त्याला आतूनच उमगते, असा त्याचा सिद्धान्त आहे. तो मुलगा लवकरच वारला. पुढे आत्मकथनात त्याची आठवण निघाली तेव्हा बापाने आपल्या शोकाहून निराळ्याच गोष्टीची ग्वाही दिली: त्या ग्रंथात मुलाच्या तोंडी जे विचार आले आहेत ते सर्व त्याचे स्वतःचे आहेत, आणि तेव्हा तो सोळाव्या वर्षात होता. शिष्याचे वाक्य शिष्याच्याच नावावर जमा करणारी ही एक ओळ, सगळ्या जन्मकथेइतकीच मोलाची आहे.

मराठी मुलखातील शिक्षकाच्या साक्षीचा विचार करताना मला प्रथम जोतीराव फुले आठवतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे लेखी निवेदन ठेवले, त्याचा आरंभ आपला शिक्षणविषयक अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे सांगून होतो. मुलींची शाळा आपण कशी काढली, ती आपण आणि आपल्या पत्नीने मिळून कशी चालवली, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा कशा उघडल्या, मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत आपण काही वर्षे शिक्षक होतो, हे सर्व त्यात येते. सरकारी आयोगापुढे ‘मी’ म्हणून उभे राहण्याचा हा अधिकार त्यांनी कोणत्याही पदवीच्या बळावर मागितला नाही, तर शिकवल्याच्या बळावर मागितला. परंतु स्वतःविषयीचा मजकूर थोडक्यात आटोपून ते लगेच निघून जातात ते शाळेत न आलेल्या मुलांकडे: ज्या रयतेच्या सारा-पट्टीतून खजिना भरतो, तिच्या मुलांच्या वाट्याला त्यातून काय येते, याकडे. प्राथमिक शाळेचा शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा असावा, आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, ही त्यांची मागणी ज्यांनी वाचली आहे त्यांना, अनुभवाच्या कथेतून धोरणाचा सिद्धान्त कसा निघतो, हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

जे आलेच नाही त्या मुलाला साक्षीला बोलावणे ही या पद्धतीतील सर्वांत कठीण गोष्ट आहे, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ती करून दाखवली. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत का येत नाहीत, हा प्रश्न शिक्षकाच्या दप्तरात नेहमी मुलांविषयीचा किंवा त्यांच्या आईबापांविषयीचा प्रश्न म्हणून नोंदवला जातो. या दोघींनी तो आपल्याविषयीचा, आपण कोठे बसून मुलांची वाट पाहतो याविषयीचा प्रश्न म्हणून विचारला. मुले धाकटी भावंडे सांभाळत होती, गुरे राखत होती. तेव्हा वर्ग पाड्यावरच्या अंगणात भरू लागला, आणि गुराख्यांसाठी कुरणात. अंगणवाडी आणि कुरणशाळा या दोन्ही कल्पना, माझ्या मते, आत्मसंशोधनाचे निष्कर्ष आहेत, जरी त्यांना तसे नाव कोणी दिले नाही. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ लिहिले ते काम उभे राहिल्यावर; पण ज्या दिवशी वर्गाची जागा बदलली, त्या दिवशीच निष्कर्षाची नोंद झालेली होती.

लंडनमधील एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या जॅक व्हाइटहेड यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी आपल्या तासांचे चित्रीकरण केले. मुले स्वतः प्रश्न विचारत शिकत आहेत, अशी त्यांची खात्री होती. चित्रफीत पाहिली तेव्हा दिसले की प्रश्न सगळे तेच मुलांना देत होते. जे मूल्य आपण मानतो तेच आपल्या कृतीने नाकारतो, असा ‘मी’ हा एक जिवंत विरोध आहे, हा विचार त्यांनी पुढे १९८९ साली मांडला. यंत्राने येथे बहुमोल काम केले यात संशय नाही. तरीही एक गोष्ट यंत्राला दाखवता येत नाही: त्या वर्गातल्या मुलांना काय वाटत होते. त्यासाठी त्यांनाच विचारले पाहिजे, आणि त्यांचे उत्तर शिक्षकाच्या भाषेत न घोळवता लिहून घेतले पाहिजे. आपल्याकडील कृतिसंशोधनाच्या अहवालांत उद्दिष्टे असतात, गृहीतके असतात, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे तक्ते असतात, शेवटी शिफारशीही असतात. मुलाच्या तोंडचे एक अखंड वाक्य मात्र पुष्कळदा सबंध बाडात सापडत नाही. ते मागितले जात नाही हे त्याचे कारण, आणि ते मागितले जावे यासाठी आपल्या अध्यापक विद्यालयांनी आता आग्रह धरला पाहिजे.

यातून एक नवाच धर्मप्रश्न उभा राहतो, आणि त्याचा निकाल लावल्याखेरीज मला थांबता येणार नाही. टॉल्स्टॉयने मुलाच्या अंगरख्यावरची चिठ्ठी फाडली, पण त्या मुलाची गोष्ट त्याने लिहिली आणि छापली. शिक्षकाची हकीकत जितकी प्रामाणिक तितकी ती मुलांच्या खाजगी दुःखांनी, घरच्या दारिद्र्याने, चोऱ्यांनी आणि अपमानांनी भरलेली असणार. आणि कागदावर उतरलेली प्रत्येक ओळ ही त्या मुलाला कायमची शिवलेली दुसरी चिठ्ठी ठरण्याचा संभव आहे. नाव बदलल्याने हे भागत नाही, कारण गावात सर्वांना सर्व ठाऊक असते. सत्य सांगण्याचा शिक्षकाचा धर्म आणि मुलाचे झाकून ठेवण्याचा शिक्षकाचा धर्म यांचा येथे उघड विरोध आहे, आणि या विरोधात मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे ज्या वयाच्या मुलाला समजते त्याला ते छापण्यापूर्वी वाचून दाखवावे. ज्याला समजत नाही त्याच्या आईला दाखवावे, आणि तिला वाचता येत नसेल तर तिच्या दारात बसून, तिच्या बोलीत, काहीही न गाळता सांगावे. तिने एखादी गोष्ट काढून टाका म्हटले तर ती काढून टाकावी, मग त्या गोष्टीवाचून सगळा निबंध लंगडा पडला तरी चालेल.